ओसरीचं पुस्तक आणि माझा नंबर

सॉफ्टवेअर लिहिलं की त्यात चुका राहतात, पण त्या नंतर काढता तरी येतात. पुस्तक लिहिलं की मागे किस्से राहतात, आणि ते काही केल्या निघत नाहीत. आमच्या एका पुस्तकाचे इतके साठलेत की कोणी चहाला बसलं की एखादा सुटतोच!

आम्ही म्हणजे मी आणि प्रज्ञा. नाशिकला सिडकोत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत बसून वेबसाइटची कामं करतो. त्यातूनच 'ओसरी' तयार झाली. ओसरी हे वेबसाइट बनवायचं साधन आहे. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणीही फुकट घ्यावं, आतलं उघडून बघावं, हवं ते बदलावं. साधन झकास आहे. हे मीच सांगतोय, कारण तेव्हा दुसरं कोणी सांगत नव्हतं.

चांदवडच्या एका हार्डवेअर दुकानदाराला मी तासभर ओसरी दाखवली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे किती?"

"एक रुपयाही नाही. फुकट!"

"फुकट? मंग ह्याच्यात खोट काय हाय, ते सांगा आधी."

परतताना बसमध्येच मी ठरवलं, पुस्तक लिहायचं. मराठीत. छापलेल्या गोष्टीवर आपल्याकडे माणूस पटकन विश्वास ठेवतो. प्रज्ञाला पुण्याच्या एका कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलं होतं, उत्तर दिवाळीपर्यंत द्यायचं होतं. ती म्हणाली, "लिही. पण दिवाळीपर्यंत आपल्या ओळखीबाहेरच्या एका तरी माणसाने पुस्तक वाचून साइट बनवली पाहिजे. नाहीतर मी चालले पुण्याला."

"एक काय, शंभर बनवतील!" मी म्हणालो. आत्मविश्वासाची टंचाई आमच्याकडे कधीच नव्हती.

*

पुस्तक तपासायला आम्ही जाधव बाईंना गाठलं. बाईंनी मला आठवीत मराठी शिकवलेलं. आता निवृत्त आहेत, आणि लॅपटॉपला त्यांनी तोवर हातही लावला नव्हता. म्हटलं, यांना जमलं तर कोणालाही जमेल.

पहिलं प्रकरण लाल शाईने भरून परत आलं. मी जिथे जिथे 'हे अगदी सोपं आहे' असं लिहिलं होतं, तिथे तिथे काट मारलेली.

"बाई, पण ते सोपंच आहे!"

"सोपं आहे की नाही, ते वाचणारा ठरवेल. तू तुझं काम सांग."

मी ती सगळी वाक्यं काढली.

*

दुसऱ्या आठवड्यात बाई पुस्तकाची तोवर लिहून झालेली पानं समोर ठेवून स्वतः साइट बनवायला बसल्या. मी खाली चहा आणायला गेलो, गिरणीवाल्याशी गप्पा मारल्या, परत आलो. बाई हातावर हात ठेवून तशाच बसलेल्या.

"बाई, काय झालं? अडलं का?"

"तूच लिहिलंयस ना, 'आता थोडं थांबा'? मी थांबलेय. अर्धा तास झाला."

आता पुस्तकात 'दहा सेकंद थांबा' असं आहे.

*

सातवं प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं. लेखणी अशी धावत होती की विचारू नका! 'साइट तपासा' या बटणाचं तर मी पानभर कौतुक केलं. पुस्तक छापून आलं, प्रज्ञाने वाचलं आणि ते पान माझ्यासमोर धरलं.

"अरे, असं बटण आपल्याकडे नाहीच आहे!"

मी नीट आठवून बघितलं. खरंच नव्हतं. बनवायचं आमचं ठरलं होतं, एवढंच.

"पुस्तक तर छापून झालं," मी म्हणालो. "आता तू बटण बनव!"

प्रज्ञा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या चार दिवसांत तिने बटण बनवलं. आज ओसरीत तेच सगळ्यात चांगलं चालतं.

*

छपाईच्या आधी अजून एक वाद झाला होता. पुस्तकात नमुन्याची साइट म्हणून एक काल्पनिक रोपवाटिका घेतली होती, तिचं नाव, फोटो, फोन नंबर असं सगळं. नंबराच्या जागी मी दहा वेळा नऊ टाकला होता. बाई भडकल्या.

"खोटा नंबर? वाचणाऱ्याशी खोटं बोलायचं नाही!"

मग मी माझाच नंबर टाकला. खाली लिहिलं, 'हा नंबर बदलायला विसरू नका.' ते बाईंनी खोडलं. म्हणाल्या, "वाचणारा काय कुक्कुलं बाळ आहे का?"

*

पहिली प्रत त्र्यंबकेश्वरच्या काकूला दिली. महिन्याने विचारलं, "काकू, वाचलंस का पुस्तक?"

"अरे, देवाजवळ ठेवलंय. रोज हळदकुंकू वाहते. वाचायला कशाला काढू तिथून?"

हसलो, पण वाईट वाटलं. कारण बाकीच्यांनी हळदकुंकूही वाहिलं नव्हतं. प्रती विकल्या जात होत्या, पण एक फोन नाही, एक ईमेल नाही. दिवाळी आठवड्यावर आली. प्रज्ञाने पुण्याला पाठवायचं होकाराचं ईमेल लिहून ठेवलं. मी उसनं हसू आणून कामं करत होतो.

त्या दुपारी बाई चिवडा घेऊन आल्या होत्या. माझा फोन वाजला.

"मिरचीची रोपं हायेत का?"

"राँग नंबर," मी म्हणालो. पाच मिनिटांत दुसरा फोन, तोच प्रश्न.

"अहो, तुम्हाला हा नंबर दिला कोणी?"

"तुमच्या वेबसाइटवर हाय ना! कळवणची रोपवाटिका."

प्रज्ञाने शोधलं. साइट खरंच होती! गावाचं नाव, रोपांचे फोटो, पत्ता, सगळं त्या माणसाचं स्वतःचं. खाली कोपऱ्यात 'ओसरीवर बनवलेली'. फक्त फोन नंबर माझा.

"ओळखतोस याला?" प्रज्ञाने विचारलं.

"नाही गं! आयुष्यात बघितलेलं नाही!"

तिने होकाराचं ईमेल उघडलं आणि पुसून टाकलं. माझे डोळे भरून आले, उगाच कशाला लपवू. त्या माणसाला लगेच कळवायला हवं होतं. पण फोन करणार कुठे? साइटवर नंबर माझाच!

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मी हात पुढे करेपर्यंत बाईंनी तो उचलला, चष्मा नीट केला आणि लाल पेन उघडलं.

"हो हो, रोपवाटिकाच. मिरची ना? आहे की! किती हजार लिहून घेऊ?"