मालूने बाळंतीण सोडली नाही

मालूला पनवेलात कोणी आनंदाने घरात घेत नसे, आणि तिच्यावाचून कोणाचं चालतही नसे. बाळंतिणीचं अंग रगडणं, शेक देणं, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं हे तिचं काम. बंदराकडच्या आमच्या आळीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली. हात कापसाचे आणि तोंड कोयत्याचं.

आमचा शेजारी तुळशीराम नातू झाल्याच्या खुशीत बिडी ओढत बाळंतिणीच्या दारात उभा राहिला. मालूने न्हाणीचं उरलेलं पाणी, हळदीतेलासकट, त्याच्यावर ओतलं. वर म्हणाली, "ये आता आत. तू पण न्हालास." पिवळा तुळशीराम दोन दिवस बाजारात फिरकला नाही. मी हे अजून चारचौघांत सांगतो, आणि तो अजून चिडतो.

तर ब्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमची वसुंधरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मी सातवी शिकलेला, म्हणून मुलीचं नाव शाळेच्या पुस्तकातलं ठेवलेलं. तिला मुलगी झाली. मुलगी झाली की बर्फी वाटतात म्हणे. मी पेढे वाटले, आळीभर. मालूने पेढा खाल्ला आणि म्हणाली, "लय नाचू नको म्हाताऱ्या. पोर तुझ्या पोटातून नाय आली."

खरंच होतं. दोन दिवस कळा, मग टाके, रक्तही फार गेलेलं. चौथ्या दिवशी वसू मोरीपर्यंत गेली ती भिंत धरून, आणि परत आली ती आमच्या हिच्या खांद्यावर. मालू रोज सकाळी यायची. तेल, कढत पाणी, ओव्या-शेपांची धुरी, आणि शेवटी जुन्या मऊ लुगड्याची लांब घडी करून पोट बांधायचं. ते तीच बांधणार, तीच सोडणार. एकदा वसूला श्वास लागला म्हणून आमच्या हिने ते जरा सैल केलं. मालू तीन दिवस हिच्याशी बोलली नाही. निरोप बाळाकडून द्यायची, "सांग गो तुझ्या आजीला, शेगडी इझली."

बाराव्या दिवशी बारसं. वसूच्या सासरहून, जासईहून, टेंपो भरून माणसं आली. विहीणबाई भामाबाई पुढे बसलेल्या, जावई विनायकराव मागे. पाळण्यात भाविका नाव ठेवलं. जेवणं उरकली आणि भामाबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "वसू, सामान बांध. याच टेंपोतून जाऊ. भात खळ्यावर पडलंय, घरात हात नाय."

बोलणं सव्वा महिन्याचं झालं होतं. मी म्हणालो, "विहीणबाई, पोर अजून नीट उभी राहत नाही."

"व्याही, तुमी बसा. विनायक झाला तवा मी पंधराव्या दिवशी डोक्यावर भारे वाह्यले. मेले नाय."

विनायकराव पाळण्याची दोरी ओढत राहिले. एरवी माझं तोंड थांबत नाही, पण मुलीच्या बापाला तिथे बोलता येत नाही. वसूने पिशवी ओढली आणि उठायला गेली. ओठ पांढरे झाले होते. तिथून नेली असती तर पोर हातची गेली असती, हे मला दिसत होतं आणि मी मुकाट बसलो होतो.

मालू मागच्या पडवीत जेवत होती. खरकट्या हातानेच आली.

"कोण नेतो बाळंतिणीला?"

"तू कोण गो विचारणारी? न्हाऊ घाल नि जा."

"जाईन. सव्वा महिन्यानं."

"आमच्यात बाराव्या दिवशी सोयर जातं."

"सोयर जाईल. कमरेची हाडं बाराव्या दिवशी जुळत नाय."

"ताटभर जेवलीस, आता तोंड चालवतेस?"

"तुमच्या घरचं नाय जेवले." मालूने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सकाळपासून बघते मी. पायरी चढताना तुमचा हात ओटीपोटाखाली जातो. शिंक आली तर मांड्या आवळता. पंगतीत पाट नको, खुर्ची पायजे. गर्भाची पिशवी कधीपासून खाली उतरलीय?"

भामाबाईंचा हात वर गेला. मालूने गाल पुढे केला. आमच्या हिने आम्हा पुरुषांना ओट्यावर हाकललं आणि दार लावलं. पण ओटा आणि खोली यांच्यात एकच भिंत.

"चारचौघांत माझी अब्रू काढलीस, मेले!"

"मी नाय काढली. भाऱ्यांनी काढली. विनायकच्या वक्तापासून?"

मग बारीक आवाज, "पंधराव्या दिवशीच. खळ्यावरच बसले मी."

"मग नको का नाय म्हणालात?"

"सासू होती माझी. कोण म्हणणार?"

"आता सासू तुमी हाव."

आत भांडं आपटल्याचा आवाज झाला. विनायकराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढी वर्षं झाली, मला कुणी सांगितलं नाय." मी पानाचा डबा पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

दार उघडलं. भामाबाईंचे डोळे लाल. "सव्वा महिना. वर एक दिस नाय. आणि ही बाय परत माझ्यासमोर नको."

"मी कशाला येते जासईला!" मालू आतून ओरडली.

कुंकू लावून न घेता, लाडवांच्या डब्याला हात न लावता त्या टेंपोत चढल्या. विनायकरावांनी त्यांच्या कमरेमागे उशी ठेवली. ती भामाबाईंनी रस्त्यावर फेकली. विनायकरावांनी उचलून परत ठेवली. मग मला म्हणाले, "खळ्याचं मी बघतो. चार दिवस रजा टाकीन." भामाबाई पुढून म्हणाल्या, "बघशील! कधी भारा उचललायस?"

टेंपो गेला. वसूच्या हातातली पिशवी मालूने माळ्यावर फेकली. बारा दिवसांत पहिल्यांदाच वसू गाढ झोपली, ती दिवेलागणीपर्यंत. भाविका भुकेने लालबुंद होऊन टाहो फोडत होती आणि मी तिला मांडीवर घेऊन माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगत होतो. मालू घरी निघालेली, ती उंबऱ्यातून परत फिरली आणि वसूला गदागदा हलवत म्हणाली, "झोपलीस काय म्हशीसारखी? पोरीला कोण पाजणार, हा म्हातारा?"