डाळिंबी थर

विहिरीचं पाणी तपासायला घेऊन आलेल्या बाई बाकावर न बसता प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलाशीच उभ्या राहिल्या. त्यांच्या गावाजवळ जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात. "बघा की मॅडम, तळ दिसतोय बाटलीचा," त्या म्हणाल्या. पाणी खरंच नितळ होतं.

तोटीच्या काचपात्रात मी ते ओतलं. शिशाशी गाठ पडली की लाल होणारं हिरवं रसायन विरघळवलेला क्लोरोफॉर्म त्यात घातला, बूच लावून हलवलं, तोटीतून कोंडलेली वाफ सोडली आणि पात्र स्टँडला लावून थांबले. या कामातलं हे थांबणंच मला सगळ्यात आवडतं. घुसळलेलं मिश्रण आपोआप निवळतं. जड क्लोरोफॉर्म खाली उतरतो आणि पाण्यात लपलेलं शिसं सोबत घेऊन जातो. जन्मात कुणाला न दिसलेलं काहीतरी रंग घेऊन समोर येतं. रंग जितका गडद, तितकं शिसं जास्त.

त्या दिवशी खाली डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल थर उतरला. वर पाणी तसंच नितळ, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. सवयीने तोंडून निघून गेलं, "वा! काय सुरेख आलाय!"

बाईंचा चेहरा खुलला. "म्हंजे पाणी चांगलं हाय न्हवं? नातवंडं तेच पित्यात."

मला मान वर करवेना.

रंगाला सुतक नसतं, ते बघणाऱ्याने पाळायचं असतं. आता थर उतरायला लागला की मी आधी बाटलीवरची चिठ्ठी वाचते. तिच्यावर गावाचं नाव असतं. मग रंगाकडे बघते.