गाडी माझीच समजा

चार वर्षांपूर्वी, कापसाचा हंगाम सुरू होताना, बालाजी नावाच्या एका ट्रकचालकाला गावाबाहेरच्या जिनिंगमधली नोकरी मिळाली नाही. ती माझ्यामुळे मिळाली नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, बालाजीला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे.

मी तेलगावला ट्रान्सपोर्टचं ऑफिस चालवतो. ऑफिस म्हणजे एक गाळा, एक टेबल, दोन मोबाईल आणि गाडीवाल्यांना बसायला बाहेर एक बाकडं. माझी स्वतःची एकही गाडी नाही. ज्याच्याकडे माल आहे त्याला गाडी मिळवून द्यायची आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याला माल, एवढंच काम. माझ्याकडचे बहुतेक लोक एका गाडीचे मालक आहेत आणि ती गाडी ते स्वतःच चालवतात.

त्याआधी काही वर्षं मी एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर होतो. खोटं एक वाक्यही छापायचं नाही, हे तिथे शिकलो. एकही खोटं वाक्य न लिहिता माणसाचं नुकसान करता येतं, हेही तिथेच पाहिलं होतं.

बालाजीबद्दल आधी सांगतो — मुद्दा टाळतो आहे असं वाटेल. थोडा टाळतोही आहे.

बालाजी केबिनमध्ये चढताना चपला काढतो. इतर गाडीवाले त्याला छळतात, "बे बाल्या, गाडी हाय का देवघर?" तो शांतपणे म्हणतो, "देवघरच हाय. तुझ्यासारखं खाटकाचं दुकान न्हाई." कडा गावच्या बाजारातला कांदा भरला की वाटेत प्रत्येक थांब्यावर तो ताडपत्रीची कड उचलून बांधतो, मालाला वारा लागावा म्हणून. हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. त्याने नेलेला कांदा नासला अशी तक्रार माझ्याकडे कधी आली नाही. कड्याचे व्यापारी मला फोन करतात तेव्हा गाडी मागत नाहीत, बालाजी मागतात.

आणि तो बोलतो. हैदराबादहून परतला की बाकड्यावर बसून कुठल्या ढाब्यावरची डाळ पातळ झाली, कुठला पूल खचला, कुठल्या नाक्यावरचा शिपाई बदलला, सगळं सांगतो. म्हणतो, "भाऊ, खुर्चीत बसून तुमी निम्मा देश हिंडलात. भाडं द्या माजं." तो नसला की बाकडं भरलेलं असूनही गाळ्यात सामसूम वाटते. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगण्याची पद्धत नाही आमच्यात.

त्या वर्षी त्याची मुलगी वैष्णवी नववीत होती. एका फेरीहून आल्यावर बालाजी नेहमीपेक्षा गप्प होता. विचारलं तेव्हा म्हणाला, "पोरगी माज्यासमोर लाजायली, भाऊ. पाव्हणा आल्यागत पाणी आणून देती आन् आत जाती." जिनिंगला आवारातल्या गाड्या लावायला आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला माणूस हवा होता. रोज संध्याकाळी घरी जाता आलं असतं. गाडी विकून तो ते काम धरणार होता. "पोरगी घरात हाय तवर घरी ऱ्हावं म्हनतो. एकदा शिकायला भाईर गेली की मग काय, हायच की रस्ता." मॅनेजरला त्याने माझा नंबर दिला होता. दुसऱ्या कोणाचा देणार?

आमच्या धंद्यातली एक रीत इथे सांगावी लागेल. अनोळखी गाडीत कोणी लाखांचा माल भरत नाही. तो आधी ऑफिसला विचारतो, माणूस कसा आहे? आम्ही म्हणतो, "गाडी माझीच समजा." या एका वाक्यावर माल निघतो. पुढे काही झालं तर ते निस्तरायला आम्ही उभे राहतो. आणि गाडीवाल्याबद्दल वाईट आम्ही कधीच बोलत नाही, तसं केलं तर दुसऱ्या दिवशी बाकडं रिकामं होईल. त्यामुळे ज्याची खात्री नाही त्याचं तोंडभर कौतुक करतो, फक्त ते वाक्य म्हणत नाही. विचारणाऱ्याला तेवढं पुरतं. पितो, की वाटेत माल काढून विकतो, की अजून काही — तो विचारत नाही, आम्ही सांगत नाही.

मॅनेजरचा फोन दुपारी आला. गाळ्यात मी एकटा होतो. मी त्याला सांगितलं की बालाजी गाडी स्वच्छ ठेवतो. वेळेवर पोहोचतो. हिशेबाला चोख आहे, बोलायला गोड आहे. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. मग तो थांबला. तो कशासाठी थांबला आहे हे मला कळत होतं — कसं कळणार नाही?

मी ते वाक्य म्हटलं नाही.

"अजून काही?" त्याने विचारलं.

"नाही. तेवढंच."

"बरं. समजलं," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

का केलं? कड्याचा कांदा निघायचा होता, व्यापारी बालाजीच्याच गाडीसाठी अडून बसले असते — हे एक. पण तेवढंच असतं तर मी दुसरी गाडी शोधली असती, तेच तर माझं काम आहे. त्या थांबलेल्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर कांदा नव्हता. बाकडं होतं. त्याच्यावर माझा जीव होता म्हणून मी त्याला जाऊ दिलं नाही, असं म्हटलं तर ते ऐकायला बरं वाटतं. त्याचाही जीव कोणावर तरी होता, आणि ते त्याने मला तोंडाने सांगितलं होतं.

आठवडाभराने बालाजी आला. "गेलं, भाऊ. दुसरा घेतला त्यांनी."

"कावून?" मी विचारलं. हो, मीच विचारलं.

"काय की. आपला नंबर नव्हता." मग माझा चेहरा बघून त्यानेच माझी समजूत काढली, "तुमी कशाला तोंड पाडलं? बरं झालं. तुमाला सोडून करमलं नसतं मला." दोन चहा त्यानेच सांगितले. मी प्यालो.

त्याची बायको कांता मात्र एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "भाऊ, तुमी नुसता एक शब्द टाकला असता तर झालं असतं." मी म्हणालो, "राहून गेलं, वहिनी." ते वाक्य मात्र खोटं होतं.

यंदा उन्हाळ्यात मी जिनिंगला फोन केला. मॅनेजर तोच आहे. बालाजीचं नाव घेतलं आणि म्हणालो, माणूस माझाच समजा. तो म्हणाला, "अहो, मग हे तेव्हा कावून म्हणला नाहीत? मी किती वेळ थांबलो होतो." मी म्हणालो, दारात गाडी आली आहे, नंतर बोलतो. दारात गाडी नव्हती. नंतर मी फोन केला नाही, त्यानेही केला नाही. त्या जागेवर नांदूरघाटचा एक तरुण आहे आणि त्याचं काम चांगलं आहे, असं चौकशीत कळलं.

मागच्या सोमवारी वैष्णवी नर्सिंग शिकायला लातूरला गेली. होस्टेलवर राहणार आहे. कांताने तिला स्टँडवर नेऊन एसटीत बसवून दिलं. बालाजी त्या दिवशी जहिराबादला कांदा उतरवत होता. त्या फेरीला त्याची गाडी मीच लावून दिली होती.