आमचे तडीपार साडू

आमच्या साडूंइतका कायदा पाळणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि सरकारने नेमकं त्यांनाच जिल्ह्यातून तडीपार केलं. मी हे रागाने सांगतोय; पण साडूंविषयी बोलायला लागलं की हसू आवरत नाही, त्याला मी तरी काय करू? नेकनूरच्या एसटीत बायकांच्या राखीव सीटवर, गाडीत एकही बाई नसताना, हा गृहस्थ बसायचा नाही, बीडपर्यंत उभा. दिलेल्या कागदाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलायचा नाही. एकदा सासूबाईंना आंब्यांची पेटी नेऊन दिली, तर त्यांच्याकडूनही 'मिळाली' असं लिहून सही घेतली. सासूबाई वैतागल्या, "आंबे न्या परत जावईबापू, पर ही कटकट नगं!" साडूंनी आधी सही घेतली, मग चहा.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना मजुराचं ओळखपत्र मिळावं, हे त्यांचं वेड. फडात बाईचं काही बरंवाईट झालं तर 'ही कोण?' असं कुणी विचारू नये, एवढंच. अर्ज हा माणूस स्वतः भरायचा, आणि ते कचेरीत धूळ खात पडायचे. शेवटी बायका म्हणाल्या, सगळ्या मिळून जाऊ. पण जमावबंदी! आमच्याकडे ती एक उठते न उठते तोच दुसरी लागते. साडूंनी हुकूम तीनदा वाचला आणि म्हणाले, "पाचाला बंदी हाय, चौघींना न्हाई." झालं! चार बायका तहसीलला जायच्या, विचारपूस करून परत यायच्या, की पुढच्या चार निघायच्या. असं तीन दिवस. एकीच्या कडेवर तान्हं पोर होतं, तर ते पाचवं धरायचं का, हे विचारायला साडू स्वतः ठाण्यात गेले. फौजदाराने हात जोडले, "काका, तुमी घरी जावा हो."

महिन्याभरात तडीपारीची नोटीस आली. त्यात लिहिलेलं, 'यांच्या दहशतीमुळे कोणी साक्ष द्यायला पुढे येत नाही.' पाल दिसली की खाटेवर चढणाऱ्या माणसाची दहशत! मेहुणी आधी पोट धरून हसली, मग तिला रडूच फुटलं. सुनावणीला बायका गेल्या. एक म्हातारी प्रांतसाहेबांना म्हणाली, "ह्यांला भ्यायचं कावून? हे आमच्या शेळीला बी अहो म्हणतेत." साहेबही हसले म्हणे. गावातला प्रतिष्ठित माणूस मात्र एकही फिरकला नाही. साडूंनी मलाही बोलावलं होतं, "या पाव्हणं, दोन शब्द सांगा." मी शाळामास्तर; नोकरीला धक्का नको म्हणून ताप आल्याचं कळवलं. ताप नव्हता.

वर्षभरासाठी त्यांना बाहेर काढलं. आता हद्दीपलीकडच्या एका गावात खोली करून राहतात. परवा भेटायला गेलो. अपिलाचे कागद दाखवत म्हणाले, "टिकत न्हाई हा हुकूम, बघा तुमी." माझ्या तापाविषयी एक शब्द नाही. विचारलं ते एवढंच, की राहिलेले अर्ज आता कचेरीत कोण नेऊन देणार. मी म्हणालो, "द्या माझ्याकडं. सोमवारी मीच नेऊन देतो." त्यांनी गठ्ठा पिशवीत घालून दिला.

मला सोडायला ते जिल्ह्याच्या पाटीपर्यंत आले आणि थांबले. रस्ता मोकळा होता. पलीकडे पन्नास पावलांवर चहाची टपरी. मी म्हणालो, "चला की, एक कप घेऊ. कोण बघतंय?"

"मी बघतोय न्हवं," साडू म्हणाले.

मी एकटाच पलीकडे गेलो. चहा घेतला नाही. सोमवारची मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण साडू नसलेल्या या जिल्ह्यात त्याहून लई एकटं वाटतं.