मेणातली भेसळ

चार वर्षांपूर्वी मी जेमतेम बासष्टची होते. अक्कल यायला अजून अवकाश होता, तोंड मात्र पुरतं वयात आलेलं.

त्या ऑक्टोबरात सुनेला पहिली मोठी मागणी आली. तारकर्लीत पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एका बाईंना दिवाळीसाठी मोदकाच्या आकाराच्या चाळीस मेणबत्त्या हव्या होत्या. सुनेने ठरवलं होतं, जमलं तर हेच काम पुढे करायचं. नाही जमलं तर कुडाळच्या ऑफिसातली नोकरी धरायची आणि रोज एसटीचे धक्के खायचे. तिचा जीव कशात आहे ते मला दिसत होतं. तरी आडवी आलेच.

ती म्हणाली, सोयाचं मेण मऊ, आपल्याकडच्या उकाड्यात टिकायचं नाही, तिसरा हिस्सा पॅराफिन, साध्या मेणबत्तीतलं कडक मेण, मिसळू. मी रागावले की पुस्तकी मराठीत शिरते. "माझ्या घरात भेसळ होणार नाही," मी जाहीर केलं. दुधात बोट बुडवून पाणी शोधण्यात माझा जन्म गेलेला. पॅराफिन मला तेच पाणी वाटलं.

बिचारीने पॅराफिन बाजूला सारलं. आम्ही नुसत्या सोयाच्या बारा ओतल्या. काहींच्या कळ्या साच्यालाच चिकटून राहिल्या. उरलेल्या मी हौसेने पडवीत मांडल्या. दुपारी ऊन सरकत तिथवर आलं आणि माझे शुद्ध मोदक, जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यांसारखे, बसत बसत आडवे झाले.

मी उन्हाला नावं ठेवली. सून ते गोळे उचलत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मोदकाच्या पिठात तुमी गुपचूप साबुदाण्याचा पीठ घालतास. कळी फाटुक नये म्हणान. ती भेसळ नाय मगे?"

चाळीस वर्षं सासूबाईंपासून लपवलेलं, शेजारणींना हाताचा गुण म्हणून सांगितलेलं.

"तू खंय बघलंस गो?"

"लग्नानंतरच्या पयल्या चवथीक."

म्हणजे इतकी वर्षं ही पोरगी माझी अब्रू झाकून होती. मला हसू आवरेना.

मग मीच पातेल्यात पाणी तापवलं, त्यात डबा ठेवला. पॅराफिन उशिरा वितळतं म्हणून ते आधी, मग त्याच्या दुप्पट सोया. उकड काढावी तशी निगुतीने ढवळत राहिले. दुसऱ्या दिवशी दोन मेणबत्त्या मुद्दाम त्याच उन्हात ठेवल्या. संध्याकाळपर्यंत एक कळी हलली नाही.

चाळीस घेऊन तारकर्लीला गेलो, तर त्या बाईंनी विचारलं, निव्वळ सोयाच्या ना? सून अडखळली.

"नाही," मी म्हटलं. "दोन भाग सोया, एक भाग पॅराफिन. तुमच्या अंगणातल्या उन्हात ठेवून बघा."

त्यांनी बघितलं, एक पेटवूनही बघितली. मग नाताळच्या सुट्टीसाठी आणखी साठ सांगितल्या.

परतताना सुनेने मालवणात रिक्षा थांबवली. मला वाटलं, मासे घेईल. ती वातींची दोन रिळं घेऊन आली आणि रिक्षात चढता चढता कुडाळला फोन लावून, आपण येत नसल्याचं सांगून मोकळी झाली.