वाघर मोजणाऱ्या मुक्ताबाई

पाटोद्याच्या एका वाचनालयात मुक्ताबाई झाडलोट करायच्या आणि फाटकी पुस्तकं शिवायच्या. शिक्षण सातवीपर्यंत. नवरा धोंडीराम मेंढरं राखायचा. शिवताना पानांचा क्रम लावावा लागतो म्हणून त्या वाचू लागल्या; पुढं पुढं वाचायला मिळावं म्हणूनच पुस्तक शिवायला घेऊ लागल्या.

एकदा लागोपाठ तीन कादंबऱ्या हाताखालून गेल्या. सगळ्यांत जुनीतला माणूस आगगाडीनं गावी जात होता, मधलीतला रेल्वेनं आणि नवीतला ट्रेननं. ही आगगाडी नेमकी कधी बंद पडली, असं त्यांनी ग्रंथपाल सुंदररावांना विचारलं. सुंदररावांना हसू आलं.

मग मुक्ताबाईंनीच मोजायला घेतलं. पुस्तकाचं छपाईचं साल वहीत लिहायचं, पहिली पन्नास पानं वाचायची आणि ठरवलेला शब्द भेटला की त्याच्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. पुस्तक झालं की चिंचोके मोजून आकडा वहीत. असे वीस शब्द, वीस डबे. तसबीर, इस्पितळ, कंदील, गुराढोरांसाठीचं जितराब. चार वर्षांत दोनशे बारा पुस्तकं झाली. एखाद्या नव्याकोऱ्या पुस्तकात जितराब भेटलं, तर त्या दिवशी घरी शिरा व्हायचा. धोंडीराम कारण न विचारता खायचा.

मागच्या हिवाळ्यात विद्यापीठात शिकणारी रोहिणी जुनी पुस्तकं शोधत तिथं आली. काळाप्रमाणं पुस्तकांतले शब्द कसे बदलले, हे ती संगणकाकडून मोजून घेत होती. सुंदररावांनी मुक्ताबाईंची वही तिच्यापुढं ठेवली. दोघी दुपारभर आकडे ताडून पाहत बसल्या. संगणकाकडं हजारो पुस्तकं होती, तरी शब्दांचा चढउतार जवळजवळ सारखाच निघाला. एकच शब्द जुळेना.

"काकू, तुमची वाघर माझ्याकडं एकदाही नाही," रोहिणी म्हणाली. "वाघ मात्र गावोगाव आहेत."

मुक्ताबाईंनी एक जुनं पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवलं. "वाघर म्हंजी मेंढरं कोंडायची जाळी. तुझ्या मशिनीनं सगळी मेंढरं वाघात कोंडली की गं."

छपाईची चूक समजून संगणकानं प्रत्येक वाघरीचा वाघ करून टाकला होता. रोहिणी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं दोन महिने बसून सगळी मोजणी पुन्हा केली. तिच्या अहवालावर मुक्ताबाईंचंही नाव छापलं गेलं आणि विद्यापीठानं त्यांना बोलायला बोलावलं.

धोंडीराम सोबत गेला, खांद्यावर खरी वाघर घेऊन. सभागृहात ती उभी करून त्यानं दोन प्राध्यापकांना आत घेतलं आणि बाहेर कसं यायचं ते सांगितलंच नाही. मुक्ताबाई ठरवलेलं भाषण विसरल्या, पण मुलं तासभर प्रश्न विचारत राहिली.

परतीच्या एसटीत, गेवराई सोडल्यावर, धोंडीराम तिच्या मांडीवरच्या वहीकडं बघून म्हणाला, "वाच की, काय लिवलंय त्यात."

इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं. मुक्ताबाई मोठ्यानं वाचू लागल्या. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं आपला एक जुना शब्द सांगितला, मग त्याच्या सुनेनं दोन. बीड यायच्या आत वहीची कोरी पानं संपली, आणि मुक्ताबाई तिकिटाच्या पाठीवर लिहू लागल्या.