उत्तर आलं की बसते

बाईंच्या एका सवयीला अख्खी शाळा टरकून असायची. बाई प्रश्न विचारायच्या आणि गप्प व्हायच्या. हातात खडू, नजर वर्गावर आणि तोंडातून चकार शब्द नाही. बाकीचे शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम श्वास घेत आणि स्वतःच उत्तर सांगून मोकळे होत. बाईंना ते मुळीच पटायचं नाही. "उत्तर मला येतंच की. मीच सांगायचं तर मुलांनी शाळेत यायचं कशाला?" असं त्या शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता म्हणायच्या. वर्गात मग पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येई, पुढच्या बाकावरची मुलं पुस्तकात तोंड खुपसत, आणि शेवटी ती शांतता सोसवेना झाली की कुणीतरी उत्तर देऊन टाकी. चुकलं तरी बाई खूश. चुकलेल्याला बोट धरून पुढे नेता येतं, गप्प बसलेल्याचं बोट कुठे शोधायचं, असं त्यांचं म्हणणं.

बाई गणित शिकवत. शाळा आठवीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर बस बदलून लांबच्या शाळेत जायचं, आणि परतीची बस येईल की नाही हे तिच्या ड्रायव्हरलाही नक्की माहीत नसायचं. मुलगे एकमेकांच्या सोबतीने, कधी ट्रकला हात दाखवून जात. मुली मात्र आठवीचा निकाल लागला की दिसेनाशा होत. बाईंनी स्वतःच्या लेकीला मावशीकडे ठेवून दहावी करवली होती. सुरुवातीला लेक फोनवर नुसती रडायची, आणि इकडे बाई डोळे पुसत कोरड्या आवाजात विचारायच्या, "अभ्यास झाला का?" पण ज्यांना अशी मावशी नव्हती त्यांनी काय करायचं, हे काही बाईंच्या डोक्यातून जाईना.

त्यात वकिलाचं प्रकरण झालं. वकील ही बाईंच्याच वर्गातली मुलगी. 'का' विचारल्याशिवाय ती पाणीसुद्धा प्यायची नाही, म्हणून पोरांनी तिला हे नाव ठेवलं होतं. ऋण गुणिले ऋण धन का, मुलींची रांग मागे का, घंटा आजच लवकर का. आठवीला ती पहिली आली, आणि शाळा उघडली तेव्हा बाईंना शिंप्याच्या दुकानात काजं करताना दिसली.

"काय गं, पुढे काय?" बाईंनी विचारलं आणि सवयीने गप्प राहिल्या.

वकिलाने उत्तर दिलं नाही. मान खाली घालून सुईत दोरा ओवत राहिली. त्या शांततेत पहिल्यांदाच बाईंना नजर वळवावी लागली, आणि घरी पोहोचेपर्यंत त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी बाई शिक्षण कार्यालयात हजर. साहेब भले होते, खुर्चीही दिली. "बाई, नवीन वर्ग देणं आमच्या हातात नाही हो. धोरणाचा विषय आहे. तो सभागृहात ठरतो."

"मग सभागृहात जायचं कसं?"

साहेब हसले. "निवडून यायचं!"

साहेबांनी ते थट्टेत म्हटलं होतं. बाईंनी मात्र एखाद्याने पत्ता सांगावा तसं ते नीट ऐकून घेतलं.

निवडणूक जवळच आली होती, आणि एका पक्षाला त्या मतदारसंघात उमेदवार मिळत नव्हता. समोर उभे होते जुने आमदार. लोक त्यांना फीतवाले म्हणत, कारण ते कात्री खिशात घेऊनच घराबाहेर पडत. एकाच नळाचं उद्घाटन त्यांनी पुन्हा पुन्हा केलं होतं आणि नळाला पाणी एकदाही आलं नव्हतं. तरी ते निवडून येत, आणि त्यांच्यापुढे हात दाखवून अवलक्षण करायला कुणी तयार नव्हतं. पक्षाचे नेते बाईंच्या घरी आले. "आम्हाला एक स्वच्छ नाव हवंय. निकालाची तुम्ही काळजीच करू नका."

"म्हणजे मी पडणार हे ठरलेलंच आहे?"

"तसं नाही, पण..." नेत्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

नोकरीचा राजीनामा द्यावा लागणार होता. बाईंच्या यजमानांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, घराच्याच पुढच्या खोलीत. "अहो, तुम्ही काय म्हणता?" बाईंनी विचारलं आणि दारात उभ्या राहिल्या.

यजमानांनी पेचकस खाली ठेवला. "मी काय म्हणणार? तू अशी विचारून उभी राहिलीस की माझ्या तोंडून आपोआप 'हो'च निघतं. इतक्या वर्षांची सवय."

"आणि पडलीस तर?" आतून सासूबाई ओरडल्या.

"शिकवण्या घेईन, आई."

"मग पड खुशाल," सासूबाई म्हणाल्या.

प्रचारात बाईंनी एकही भाषण केलं नाही. दारोदार हिंडल्या. अर्धा मतदारसंघ त्यांच्या हाताखालून गेलेला. दार उघडलं की चांगले मिशीवाले बाप हातातली विडी पाठीमागे लपवत. बाई एकच विचारत, "तुमची मुलगी आठवीनंतर कुठे शिकते?" आणि थांबत. "बसा की, बाई." बाई थांबलेल्या. "चहा टाकायला सांगू का?" बाई थांबलेल्याच. "आता काय सांगू तुम्हाला..." आणि तेवढ्यात त्या घरची आई आतून हात पुसत बाहेर येई आणि जे काही वर्षानुवर्षं मनात होतं ते सगळं सांगून टाकी. फीतवाल्यांच्या सभा गाजत राहिल्या, बाईंच्या पायाला भिंगरी लागली. बाई निवडून आल्या, आणि सगळ्यात मोठा धक्का त्यांच्याच पक्षाला बसला.

सभागृहात बाईंना शेवटच्या ओळीत जागा मिळाली. शेवटच्या बाकावर कोण बसतं आणि तिथे काय चालतं हे त्यांना चांगलं ठाऊक असल्यामुळे ते काही आवडलं नाही. पक्षाने नव्या आमदारांसाठी भाषणाचा वर्ग ठेवला होता. आवाज चढवा, हात उचला, मध्येच थांबून समोरच्याकडे बोट दाखवा. विद्यार्थिनी म्हणूनही बाई पहिल्या नंबराच्याच. त्यांनी हे सगळं मन लावून शिकून घेतलं, आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं.

प्रत्येक अधिवेशनात त्या नववी-दहावीच्या वर्गांचा प्रश्न मांडत. बसची रखडपट्टी, मुलींची गळती, शिंप्याच्या दुकानातली हुशार पोर, वर्ग कुठल्या खोलीत भरवता येतील, शिक्षक कुठून आणता येतील, सगळं अगदी रंगवून. बाकं वाजायची. मग शिक्षणमंत्री उठायचे. मोठा गोड माणूस, कुणाला दुखवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी मी पूर्ण सहमत आहे. शासन सकारात्मक आहे." खाली बसायचे. पुढचा प्रश्न. इकडे यजमानांच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या टीव्हीवर सगळी आळी हे बघायची आणि टाळ्या वाजवायची. "बाई, काय बोललात!" म्हणून फोन यायचे. वर्ग काही उघडत नव्हता. शिंप्याच्या दुकानासमोरून जाताना बाई आताशा भराभर पावलं टाकत.

लेक आता नर्स झाली होती. एकदा सुट्टी काढून ती प्रेक्षकांच्या गॅलरीत येऊन बसली. नंतर दोघी कँटीनमध्ये गेल्या. "कसं झालं भाषण?" बाईंनी विचारलं. भाषण फक्कड झालं होतं, त्यांना माहीतच होतं.

लेक कपात चमचा फिरवत राहिली. "खरं सांगू? वर्गात तू प्रश्न विचारून उभी राहायचीस ना, तेव्हा माझ्या पोटात गोळा यायचा. तुझी मुलगी असून! आज मंत्री जांभई देत होते, आई."

"जांभई?"

"मग काय तर! प्रश्न तू विचारलास. कारणं तू सांगितलीस. उपायही तूच. त्यांना करायला काय ठेवलंस? उठायचं, छान छान म्हणायचं नि बसायचं. तू पण त्या बाकीच्या मास्तरांसारखी झालीस. उत्तर सांगून मोकळी."

बाईंना आधी राग आला. मग चहाचा घोट घेता घेता त्यांना हसू फुटलं, आणि ते आवरेना. पाठोपाठ डोळ्यांत पाणीही आलं, कारण बोलबोल बोलण्यात वकिलाची वर्षं वाया गेली होती. "अगं बये, मग आधी नाही का सांगायचं!" एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या अधिवेशनाआधी नेत्यांनी त्यांना गाठलं. बाईंचा पक्ष सरकारातच होता. "बाई, मंत्री आपले आहेत. त्यांना अडचणीत आणू नका. पुढच्या वेळचं तिकीट कुणाला द्यायचं ते आम्हालाच ठरवायचंय."

"ठरवा की. मी यंदा एकच वाक्य बोलणार आहे."

नेत्यांचा जीव भांड्यात पडला.

बाई उठल्या. "अध्यक्ष महोदय, आमच्या शाळेत नववी-दहावीचे वर्ग कधी सुरू होणार?"

बस्स. मंत्री कागद चाळत होते. बाईंचं भाषण म्हणजे निवांत पाणी पिण्याची वेळ, अशी त्यांची सवय. गडबडीने उठले. "भावनांशी सहमत आहे. शासन सकारात्मक आहे." बसले.

बाई उभ्याच.

"सदस्यांनी पुढचा उपप्रश्न विचारावा," अध्यक्ष म्हणाले.

"पहिल्याचंच उत्तर यायचंय, अध्यक्ष महोदय."

"मग आपण बसून घ्या."

"उत्तर आलं की बसते."

सभागृहाला आरडाओरडा पाठ होता. घोषणा, बहिष्कार, कागदांची फेकाफेक, सगळ्यावर अध्यक्षांकडे तोड होती. पण ही मध्यमवयीन बाई हात बांधून, अगदी शांत चेहऱ्याने नुसती उभी. हिच्यावर कारवाई तरी कशाची करायची? कुजबुज थांबली. कामकाज टिपणाऱ्यांच्या लेखण्या थांबल्या. नेत्यांनी मागे वळून डोळे वटारले, बाईंनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मंत्र्यांनी चष्मा पुसला. मग परत पुसला. अधिकाऱ्यांच्या बाजूने एक चिठ्ठी आली, ती त्यांनी वाचली आणि घाम पुसत उठले. "येत्या... शाळा उघडेल त्या दिवशी."

"कोणत्या वर्षी?"

"याच वर्षी," मंत्री म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांनाच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"आभारी आहे." बाई बसल्या. दुकानात यजमानांनी त्या दिवशी कुणाचाही टीव्ही दुरुस्त केला नाही.

शाळा उघडली त्या दिवशी फाटकावर भला मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर नेत्यांचा फोटो दारापेक्षा मोठा, 'यांच्या अथक प्रयत्नांना यश', आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढ्या बाई. नेत्यांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या. ते झाल्यावर बाई एकट्याच नववीच्या वर्गात गेल्या. रंगाचा वास अजून गेला नव्हता. शेवटच्या बाकावर, बाकीच्यांपेक्षा हातभर उंच, वकील बसली होती. वयात बसत नाही असं मुख्याध्यापकांनी सांगितल्यावर तिने 'का' विचारलं होतं, आणि ते थकेपर्यंत विचारलं होतं. तिला बघून बाई थेट फळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"काही विचारायचंय कुणाला?" त्यांनी विचारलं.

वकील उठली. "बाई, दहावीनंतर काय? अकरावी कुठे?"

"त्याबाबत शासन सकारा..." बाईंची जीभ सरावाने चालू लागली होती. त्यांनी ती चावली.

"बस गं आता," दारातून मुख्याध्यापक म्हणाले.

"उत्तर आलं की बसते, सर."

म्हणजे यजमानांच्या दुकानातला टीव्ही शिंप्याच्या दुकानातूनही दिसायचा तर. बाईंच्या पोटात गोळा आला. लेक म्हणाली होती तो हाच, त्यांना पटलं. चिठ्ठी द्यायला कुणी नव्हतं. आणि इतका आनंद त्यांना निवडून आल्यावरही झाला नव्हता.

"तू दहावी होशील त्याच वर्षी. इथेच."

"आणि तुम्ही पुन्हा निवडून नाही आलात तर?"

"तर जो येईल त्याच्या दारात जाऊन विचारीन. उत्तर मिळेपर्यंत हलणार नाही."

वकिलाने फळ्याकडे बोट केलं. "मग फळ्यावर लिहा," ती म्हणाली आणि बसली.

बाईंनी खडू उचलला. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी ठळक अक्षरांत अकरावी आणि पुढे ते वर्ष लिहिलं, भोवती चौकट काढली, आणि चौकटीखाली, आजवर प्रत्येक वर्गात लिहीत आल्या तसं, लिहिलं: पुसू नये.